आण्णांची साक्ष

आण्णांच्या आमदारकीतून तुला काय मिळालं, असं कुणी विचारलं की मी कंबरदुखीचा पट्टा दाखवतो. जिल्हा परिषदेतली पंख्याखालची खुर्ची सोडून मी त्यांचा स्वीय सहायक झालो, तेव्हा बायकोला वाटलं होतं की आता हा मुंबईला जाईल, मोठ्यांच्यात ऊठबस करील. ऊठ झाली, बस काही झाली नाही. ती सगळी वर्षं मी जीपच्या मागच्या बाकड्यावर, फायली मांडीवर घेऊन, धाराशिवच्या खड्ड्यांत काढली.

आण्णा विधान परिषदेवर होते, म्हणजे लोकांच्या भाषेत मागच्या दारानं आलेले आमदार. कुणी तोंडावर असं म्हटलं तरी त्यांना राग यायचा नाही. ‘घर मागल्या दारानंच कळतं. पुढल्या दाराला रांगोळी असती,’ म्हणायचे. घर मेंढपाळाचं. वडलांनी जन्म रानोमाळ काढला, आण्णांनी पुढं शेळ्यामेंढ्यांचा व्यापार केला, त्यातून पक्षाचं काम आणि त्यातून कुणाच्या तरी भांडणात तिसऱ्याचा लाभ व्हावा तशी आमदारकी. मिशीला कलप लावायचे आणि तो कधीच नीट लागलेला नसायचा. मला नावानं हाक मारायचे नाहीत. मी जिल्हा परिषदेतून आलेला म्हणून मी ‘झेडपी’.

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. कुठल्याही कार्यालयात गेलं की साहेब स्वतःची टॉवेल टाकलेली खुर्ची पुढं करायचे आणि आण्णा त्या खुर्चीला वळसा घालून मागच्या खोलीत शिरायचे. बसा म्हटलं तर म्हणत, बसायला आलो न्हाय. अधिकारी यालाच घाबरायचे. बसलेल्या पाहुण्याला चहा पाजता येतो, शाल घालता येते, गोड बोलून वाटेला लावता येतं. हिंडणाऱ्या पाहुण्याचं काय करायचं, हे आमच्या खात्यात कुणी शिकवत नाही. फोनवर बोलतानाही चालायचे, आणि कंटाळा आला की समोरचा बोलत असतानाच फोन माझ्या हातात द्यायचे. मग मी अर्ध्या वाक्यापासून पुढं बोलायचं. एकदा तर एका मंत्र्यांच्या अर्ध्या वाक्याला मी ‘व्हय व्हय, करतो’ म्हणून बसलो आणि काय करायचं आहे ते आजतागायत कळलेलं नाही.

गावात शिरले की त्यांचा एकच प्रश्न असायचा, किल्ली कुणाकडं हाय? शाळेला नवी स्वच्छतागृहं झाली, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. व्यायामशाळा झाली, किल्ली सरपंचाच्या मेव्हण्याकडं. पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं, त्याच्या खोलीची किल्ली पुण्याला गेलेल्या पोराच्या खिशात. पैसा खर्च झाला, इमारत उभी राहिली, फोटो निघाला आणि कुलूप लागलं, ही त्यांच्या मते सरकारी योजनेची जन्मकुंडली. किल्ली मिळेपर्यंत ते त्या कुलपाभोवती फेऱ्या मारायचे आणि कुलूप उघडलं की लहान मुलासारखे खूश व्हायचे.

पण आण्णांचं एक वाईट होतं, ते सांगितलंच पाहिजे. किल्ली विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. एका शाळेतल्या बाई त्यांच्या मागं मागं पळत सांगत होत्या की आण्णा, उघडं ठेवलं तर सगळं गाव येतं, धुवायला माणूस न्हाय, पाणी मी घरनं कळशीनं आणू का? तोवर आण्णा जीपमध्ये बसून पुढच्या गावाचं नाव सांगत होते. त्या बाई फाटकात तशाच उभ्या राहिल्या. मला वाईट वाटलं, पण मीही जीपमध्येच होतो.

अशा माणसाला विधिमंडळाच्या समितीवर घेतलं, म्हणजे आयतं कोलीत हातात दिलं. ही समिती काय करते ते थोडक्यात सांगतो. सभागृह सरकारला पैसे देतं. ते पैसे ज्या कामाला दिले त्याच कामाला लागले का, हे बघायला आमदारांची समिती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरते. गावांत जाऊन काम बघते आणि शेवटी अधिकाऱ्यांना समोर बसवून जाब विचारते. त्याला साक्ष म्हणतात. समिती येणार म्हटलं की मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी जिल्ह्याची धांदल उडते. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, रस्त्यांना चुन्याच्या रेघा. जेवणाचा बेत तर कुणाच्या लग्नात नसेल असा. आण्णा त्यातलं काही खायचे नाहीत. घरनं आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जीपच्या बॉनेटवर ठेवून उभ्यानं खायचे आणि मलाही तेच खायला लावायचे. आतून मटणाच्या रश्श्याचा वास येत असायचा. ते दुःख मी अजून विसरलेलो नाही.

समितीचा दौरा नियमानं आधी कळवावा लागतो. आण्णांना हे पटत नसे. लांडगा सांगून येत न्हाय, म्हणायचे. म्हणून त्यांनी स्वतःची एक युक्ती काढली होती. कुठं जाणार ते मोठ्यानं सांगायचं आणि जायचं नेमकं उलट्या दिशेला.

समिती आमच्या धाराशिवला आली, त्या दौऱ्यातही त्यांनी तेच केलं. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, सगळे अधिकारी ऐकत असताना, त्यांनी जाहीर केलं की उद्या म्या जळकोटच्या पुढं जाणार, तिथलं आरोग्य उपकेंद्र बघणार. झालं. ते उपकेंद्र म्हणजे दोन खोल्यांचा दवाखाना, आणि तिथल्या नर्सची जागा कधीची रिकामी. इमारत नवी, आत कोणी नाही. आरोग्य खात्यात पळापळ झाली. उद्याच्या दिवसापुरती कुठून तरी चांगली नर्स आणायची, बाळंतपणाचं टेबल आणायचं, पडदे आणायचे. पण कुठून? आण्णा वाटेत कुठंही थांबतात, त्यामुळं त्या बाजूचं उपकेंद्र मोकळं करून चालणार नाही. मग खात्यानं डोकं लावलं आणि बरोबर उलट्या दिशेचं, तेरच्या अलीकडचं एक उपकेंद्र निवडलं. तिकडं आण्णा कशाला जातील?

सकाळी चौकात आल्यावर आण्णांनी ड्रायव्हरला सांगितलं, तेरच्या अंगानं घे.

उपकेंद्राचं दार सताड उघडं होतं. आत भिंतीवर पडद्यांचे नुसते खिळे, आणि जिथं टेबल होतं तिथं फरशीवर चार गोल डाग. आण्णांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. माझ्याकडं वळून म्हणाले, सापडलं बघ झेडपी, टेबलसुद्धा खाल्लं लोकांनी. आणि मग बाजूच्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं.

गोधडीवर एक पोरसवदा बाई पडली होती. शेजारी तिची सासू आणि गावातली आशाताई. कळा पहाटेपासून सुरू होत्या. इथली नर्स असतेच, असा गावाचा भरवसा, म्हणून ते इथंच आले होते. आल्यावर बघतात तर नर्सही नाही आणि टेबलही नाही. रुग्णवाहिकेला फोन झाला होता, येतोय म्हणाले होते. आशाताई माझ्याकडं बघून हळूच म्हणाली की सिस्टरबाईंना काल संध्याकाळीच नेलं, कुठं ते मला ठाऊक न्हाय. सासूला आम्ही कोण हे माहीत नव्हतं. तिनं आण्णांच्या पांढऱ्या कपड्यांकडं बघून विचारलं, ‘डाक्टर हायसा का?’

 आण्णांनी स्वतः गोधडीचं एक टोक धरलं.

धाराशिवपर्यंतचा तो रस्ता मला अजून स्वप्नात येतो. मधल्या सीटवर त्या तिघी, मागं मी, पुढं आण्णा मान वळवून बसलेले. ड्रायव्हरला जोरात घे म्हणत आणि गतिरोधक आला की दमानं घे म्हणत. सासू देवीचं नाव घेत होती. पोर ओरडत नव्हती, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. रुग्णालयाच्या फाटकातच, जीपमध्ये, तिला मुलगी झाली. आतल्या सिस्टर धावत आल्या. मुलगी आधी रडेना. मग रडली. मी जीपच्या मागं जाऊन, कुणाला दिसणार नाही असं बघून, ढसाढसा रडलो.

आई आणि लेक दोघी बऱ्या आहेत असं कळल्यावर आण्णा पुन्हा आण्णा झाले. संध्याकाळी समितीच्या प्रमुखांना त्यांनी सगळं हातवारे करून सांगितलं. नर्स गायब, टेबल गायब, बाई जमिनीवर, आता कुणालाही सोडायचं न्हाय. प्रमुखही खवळले. साक्षीत याचा निकाल लावू म्हणाले. आण्णा त्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या अंगणात फेऱ्या मारत होते, खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षीला जायच्या आधी विश्रामगृहाच्या पायरीशी एक बाई उभी होती. पन्नाशीकडं झुकलेली, पांढरी साडी, हातात पिशवी. मी विचारलं तर म्हणाली की मी तिथली नर्स. आण्णा आले ते तावातच. कुठं होता तुम्ही काल, म्हणून त्यांनी तोंडाचा जो पट्टा सोडला तो ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणाली, ‘साहेब, मी जळकोटच्या पुढं व्हते. तुमचीच वाट बघत.’

आम्ही उपकेंद्रावर गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी तिला तोंडी आदेश झाला होता. टेबलाबरोबर टेम्पोत बसवून नेलं होतं. लेखी काही नव्हतं. अशा कामांचं लेखी कधीच नसतं. आणि आता समितीला उत्तर द्यायचं म्हणून खात्यानं लिहून ठेवलं होतं की सदर परिचारिका विनापरवानगी गैरहजर होती, तिला निलंबित करण्यात येत आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, पगार तिचा एकटीचा, निवृत्ती जवळ. हे तिनं सांगितलं नाही, मागाहून आम्हाला आशाताईकडून कळलं. तिनं एवढंच विचारलं की त्या पोरीला टाके पडले का.

आण्णा जीपमध्ये चढले आणि साक्षीच्या दालनापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला धडकी भरली. या माणसाची बडबड परवडली.

साक्ष बंद दाराआड चालते आणि आतलं बाहेर सांगू नये असा नियम आहे. पण त्या दिवसाचं आमच्या कचेरीसमोरच्या टपरीवाल्यालाही पाठ आहे, तर मी लपवून काय करू? मी आत होतो, कारण आण्णांना दर थोड्या वेळानं चष्मा नाहीतर रक्तदाबाची गोळी लागायची, म्हणून मला दाराशी स्टुलावर बसू दिलं होतं. एका बाजूला समितीचे सदस्य, समोर अधिकारी. बाहेर बाकड्यावर ती नर्स.

आरोग्य अधिकाऱ्यांनी लिहून आणलेलं वाचलं. आवाज पडलेला होता, डोळे कागदावरून वर येत नव्हते. परिचारिका विनापरवानगी गैरहजर, कारवाई करत आहोत. प्रमुखांनी मान डोलावली. सदस्यांपैकी एक जण म्हणाले, निलंबन पुरं न्हाय, बडतर्फच करा, जिल्ह्याला जरब बसंल. प्रमुखांनी आण्णांकडं बघितलं. प्रकरण त्यांनी उघडकीला आणलेलं, मान त्यांचा.

आण्णा उठले. मला वाटलं, झालं, आता येरझारा सुरू. ते टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला गेले आणि आरोग्य अधिकाऱ्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. म्हणाले, ‘माझी साक्ष घ्या.’

कुणाला काही समजेना. प्रमुख हसले, म्हणाले आण्णा, चेष्टा नको, तुम्ही सदस्य आहात, सदस्याची साक्ष घेता येत नाही.

‘मग मला सदस्य धरू नका. पर इचारा. ती बाई तिथं का नव्हती, ते ह्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त मला ठाऊक हाय.’

आणि कुणी विचारायची वाट न बघता त्यांनी सांगून टाकलं. म्या खोटं सांगितलं की जळकोटला जाणार. माझ्यासाठी तिला तिकडं नेली. म्या हिकडं गेलो. ती बाळंतीण जमिनीवर पडली ती माझ्या युक्तीनं पडली, आणि तुम्ही बडतर्फ करताय माझी वाट बघत बसलेल्या बाईला. मग शेजारी वळून आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तोंडी आदेश तुमचाच ना?

 साहेबांची नोकरीही त्या एका शब्दावर होती. त्यांनी हातातला कागद उलटा ठेवला. ‘माझाच. पण आण्णा, तुम्ही काल कुठंही गेला असता तरी एक जागा रिकामी सापडलीच असती. माणसं कमी आहेत. मागच्या दौऱ्यातही आम्ही समितीला लेखी दिलं होतं की भरतीला मंजुरी द्या. त्या कागदाचं पुढं काय झालं, ते आम्ही कुणाला विचारायचं?’

 आण्णांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, ‘मुंबईत सभागृहात म्या इतकी वर्षं बसलो. ह्यावर एकदाबी उठलो न्हाय. गावोगाव किल्ल्या इचारत हिंडलो. उघडून आत बसायला माणूस हाय का, ते म्या कुणालाच इचारलं न्हाय.’

मला त्या क्षणी आण्णांचा इतका अभिमान वाटला की मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. प्रमुखांनी मला बसायची खूण केली आणि कामकाज थोडा वेळ थांबवलं.

समितीच्या कागदावर आण्णांची साक्ष आली नाही. सदस्य स्वतःविरुद्ध बोलला, हे लिहायचं कुठल्या रकान्यात? फक्त नर्सचा विषय वगळला गेला. निलंबन टळलं. आरोग्य अधिकाऱ्यांची बदली झाली, ती व्हायचीच होती असं सगळे म्हणतात. पुढच्या वर्षी समितीच्या यादीत आण्णा नव्हते. पुढच्या अधिवेशनात मात्र ते भरतीवर बोलायला उठले. मी वर गॅलरीत होतो. नीट बोलता येईना त्यांना, कागदावरची ओळ सुटायची, समोरचे लोक आपसात बोलत होते. उत्तर मिळालं की बाब शासनाच्या विचाराधीन आहे. आण्णा त्या दिवशी आमदार निवासात जेवले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही तेरकडनं परतत होतो. आण्णा म्हणाले, सिस्टरबाईंना भेटून जाऊ. वाटेत पेढे घेतले. मला वाटतं, त्यांना तिच्या तोंडून चार बरे शब्द ऐकायचे होते आणि माझ्या मते तेवढा त्यांचा हक्क होता. जीप उपकेंद्राच्या फाटकात उभी केली. टेबल जागेवर आलेलं होतं, पडदेही आले होते. सिस्टरबाई स्कूटीला पिशवी अडकवत होत्या. आण्णांना बघून त्यांनी नमस्कार केला, पेढा घेतला, पिशवीत ठेवला.

आण्णांनी विचारलं, आता कसं हाय?

‘तुमच्यामुळं नोकरी राहिली आण्णा. ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘पर तुम्ही समितीला सांगितलं ना, मी तिकडंबी ड्यूटीवर व्हते म्हणून. मग नव्या साहेबांनी तसा आदेशच काढला. निम्मा आठवडा हिकडं, निम्मा जळकोटच्या पुढं. आता लेखी हाय.’

 आण्णा घाईघाईनं म्हणाले, बसा गाडीत, आमी सोडतो तिकडं.

सिस्टरबाईंनी हेल्मेट घातलं. ‘आज सोडाल. पुढल्या आठवड्यात?’ त्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. ‘गाडी तेवढी फाटकातनं मागं घ्यायला सांगा आण्णा. धाराशिवात स्कूटी लावून पुढं एसटी धरायची हाय, ती चुकली की दिवस जातो. आणि हिकडं कुणी आलं तर आशाताईला सांगून ठेवलंय, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून.’

आण्णा तिथंच उभे होते, पेढ्यांचा पुडा हातात घेऊन. शेवटी मीच ड्रायव्हरला खूण केली. त्यानं गाडी मागं घेतली आणि सिस्टरबाई निघून गेल्या.